सव्वादोन सूत

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन. पारा ४२च्या पुढे. गल्लीत कुत्रंही नाही. मी आतल्या खोलीतून पाणी प्यायला उठलो आणि पाहतो तर अप्पा स्टुलावर उभे. वय ७९. डाव्या हातानं दाराची चौकट धरलेली, उजव्या हातात त्यांचा तो पिवळ्या मुठीचा जुना स्क्रू-ड्रायव्हर, आणि भिंतीवरची एक पांढरी केबल क्लिप उचकटायचा उद्योग चाललेला. "अप्पा, उतरा आधी खाली!" मी ओरडलो. ओरडलो म्हणजे शेजारच्या कूलरच्या घरघरीवरून पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ते दचकले असते तर त्या ओरडण्यानंच पडले असते, हे मला नंतर सुचलं. ते दचकले नाहीत. सावकाश उतरले, स्क्रू-ड्रायव्हर खिडकीत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन सूत नाही ती. सव्वादोन आहे."

मग खाटेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

झालं होतं असं की इंटरनेटचा मुलगा दोन दिवस आधी येऊन गेला होता. वीस-बावीस वर्षांचा, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. गच्चीवरून त्यानं फायबरची ती काळी, चपटी, शेवयीपेक्षा जरा जाड वायर खाली सोडली, खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली. टीव्हीमागं त्याला जागा हवी होती, म्हणून डिशची जुनी वायर उपटून चौकटीवरून फिरवली. पिशवीत एकाच मापाच्या क्लिपा. त्याच सगळीकडं ठोकल्या. बारीक वायरला त्या ढगळ झाल्या, जाड वायरला तंग. एके ठिकाणी फायबर लोंबत होती, दुसरीकडं डिशच्या वायरच्या कमरेला चिमटा काढल्यासारखी खाच पडली होती. कोपऱ्यावर तर वायर पत्र्यासारखी दुमडलेली. दहा मिनिटांत काम संपलं. मी चहा विचारला, "नको साहेब, अजून चार घरं हायत की," म्हणून तो गेलासुद्धा. अशा उन्हात गाडीवर फिरणाऱ्या पोराला "रेघ वाकडी आली बघ" म्हणायला जीभ रेटत नाही. आणि खरं सांगायचं तर रेघ वाकडी आलीय हे मला दिसलंच नव्हतं. दिसलं ते अप्पांना, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, खाटेवर पडल्यापडल्या.

त्या संध्याकाळी बातम्या लावल्या तर निवेदिकेच्या तोंडाचे चौकोन व्हायला लागले. आवाज तुटायला लागला. मी म्हटलं, वळवाचं आभाळ आलंय, डिशला अडथळा होत असेल. अप्पा म्हणाले, "वायर दबलीय." मी हसलो. इतकुशा प्लास्टिकच्या क्लिपेनं टीव्ही बिघडतो होय? दोन दिवस ते गप्प राहिले, आणि तिसऱ्या दिवशी मी झोपलोय असं बघून स्टुलावर चढले.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी, फिटर, जुने वायरमन, सगळे सुतात बोलतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटरला थोडं वर. आमच्या सोलापुरात तर सूत हा शब्द सकाळी दार उघडल्यापासून कानावर पडतो. सूत महागलं, सूत तुटलं, सूत आलं नाही म्हणून माग बंद. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून गेलं की यंत्रमागांची खडखड आणि भिजल्या सुताचा, खळीचा आंबूस वास. पण मोजायचं सूत मी विसरूनच गेलो होतो. लहानपणी अप्पा मला पान्याच्या पेटीतून "तीन सुताचा दे" म्हणायचे आणि मी चारचा दिला की न बघता, नुसत्या वजनावरून परत करायचे. मी कॉलेजात गेलो, मिलिमीटरवाला झालो. आता ऑफिसात बसून अंदाजपत्रकं तपासतो. आकडे तपासायचे, वस्तू बघायच्या नाहीत, असा आमचा धंदा.

अप्पा गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होते. भोंगा झाला की घरातून निघायचे आणि परत यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सुताचा बारीक पांढरा भुगा बसलेला असायचा. आई म्हणायची, म्हातारा होऊन आलास की रे. त्या भुग्याचीच त्यांना खरी धास्ती. गिरणीत आग लागते ती विजेनं नाही, वायरवर बसलेल्या भुग्यानं, असं ते सांगायचे. वायर सैल असली की झोळ पडतो, झोळात भुगा साठतो, मग एखादा सांधा गरम झाला की तो कापसासारखा पेटतो. कापूसच तो. म्हणून वायर भिंतीला धरून, ताठ, एका रेषेत गेली पाहिजे. वरून फडकं फिरवलं तर कुठं अडता कामा नये. मला हे सगळं नीटनेटकेपणाचं वेड वाटायचं. त्यामागं आगीची भीती आहे हे कळायला मला त्यांच्या तेव्हाच्या वयाला यावं लागलं.

आमच्या जुन्या खोलीतली वायरिंग त्यांनीच केलेली. सागवानी पट्टी, त्यावर काळ्या रबरी वेष्टणाच्या दोन वायरी शेजारी शेजारी, आणि त्यांना कवेत घेणाऱ्या पितळी क्लिपा, कल्हई केल्यासारख्या चकचकीत. त्या क्लिपांची एक मजा होती. आधी पट्टीवर बारीक चुका मारून क्लिपा उघड्या लावून घ्यायच्या, मग वायर मांडायची, मग क्लिपेचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या भोकातून ओढून मागं दुमडायचं. कमरपट्टा बांधावा तसं. बोटानं ओढायचं आणि हातोडीच्या मागच्या अंगानं हलकेच दाबायचं. (बारीक खिळ्याला चूक म्हणतात आणि तिचं अनेकवचनही चुका. "अप्पा किती चुका केल्या आज?" हा आमचा घरातला शिळा विनोद.) मी सहा-सात वर्षांचा असेन. क्लिपांची डबी धरून खाली उभं राहायचं काम माझ्याकडं. आडव्या पट्टीला क्लिपा जवळ जवळ, उभ्या पट्टीला लांब. अंतर ते मुठीनं मोजायचे. अंगठा बाहेर धरून एक मूठ आडवीला, दीड मूठ उभीला. का, असं विचारलं तर म्हणाले, "उभी वायर स्वतःच्या पायावर उभी राहती. आडवी लोंबती." परवा सहज शोधलं तर आपल्याकडच्या घरगुती वायरिंगच्या मानकात, आयएस ७३२च्या जुन्या आवृत्तीत, या पट्टीवरच्या क्लिपांचं अंतर आडवं १० सेंटिमीटर आणि उभं १५ सेंटिमीटर दिलेलं सापडलं. मी पट्टी घेऊन त्यांची मूठ मोजली. वयानं आक्रसलीय, तरी अंगठ्यासकट साडेनऊ भरली.

आणि कोपरा. कोपऱ्यात वायर कधी काटकोनात वळवायची नाही. ते आईची आमटीची वाटी मागून घ्यायचे, पट्टीवर उपडी ठेवून पेन्सिलीनं पाव गोल काढायचे आणि त्या रेघेवरून वायर वळवायचे. आई वैतागायची, वाटीच्या काठाला शिसं लागतं म्हणून ती वाटी तिनं शेवटी वेगळी काढून ठेवली. त्याच मानकात हेही आहे: वळणाची त्रिज्या वायरच्या जाडीच्या सहापट तरी हवी. सहा मिलिमीटरची वायर, म्हणजे ३६ची त्रिज्या, ७२चा व्यास. वाटी मोजली. ७८.

वाटी अजून घरात आहे. मेथीदाणे असतात तीत.

गिरणी बंद पडली तेव्हा मी नववीत. त्याबद्दल इथं लिहीत नाही. सोलापुरात ज्याच्या त्याच्या घरात तीच गोष्ट आहे. अप्पा बाहेरची कामं घ्यायला लागले. घरांची वायरिंग, मागाच्या शेडमधल्या मोटारींच्या जोडण्या, आणि जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतल्या दुकानांचं लायटिंग. गड्ड्याचं काम त्यांना पैशासाठी हवं असायचं आणि मनातून नको असायचं. बांबूला सुतळीनं बांधलेल्या वायरी, पत्र्याच्या धारेवरून नुसत्याच टाकलेल्या. एका वर्षी पाळण्याशेजारच्या भज्यांच्या दुकानात त्यांनी सगळी वायर सोडून पुन्हा बांधली, पत्र्याच्या प्रत्येक धारेवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. दुकानदार म्हणाला, "आठ-पंधरा दिवसांचं काम, अन् लग्नाच्या मांडवासारखं कशाला सजवायला?" जास्तीच्या वेळाचे पैसे काही मिळाले नाहीत. त्या रात्री मी त्यांच्यावर चिडलो होतो. फीचे पैसे भरायचे राहिले होते. सुतळीनं बांधली असती तर काय बिघडलं असतं, असं मी तेव्हा बोललो होतो. स्टुलावरच्या अप्पांवर ओरडलो तेव्हा मला नेमकं तेच वाक्य आठवलं, माझ्याच तोंडचं, तीन तपांपूर्वीचं.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर नवी पेठेत गेलो. इलेक्ट्रिकच्या दुकानात गर्दी, सगळी कूलरच्या पंपांसाठी आणि गवतासाठी. "केबल क्लिप द्या." काउंटरमागचे अण्णा एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, पोराशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत एकाच वेळी बोलत होते. "कितीची?" मी गप्प. "गोल का चपटी?" मी परत गप्प. "वायर कुठली आहे मालक?" डिशची, म्हटलं, आणि एक फायबर. मग आठवलं. "सव्वादोन सूत." अण्णांनी हातातला पंप खाली ठेवला. "कोण सांगितलं?" वडील वायरमन होते म्हटलं, तेव्हा एक स्टूल पुढं सरकवला आणि "बसा की" म्हणाले.

मग त्यांनी काउंटरवर क्लिपा ओतल्या. चार, पाच, सहा, सात, आठ, दहा, बारा मिलिमीटर. तांदळाच्या वाणांसारख्या वेगवेगळ्या डब्यांत. गोल वायरीला गोल खाचेची, चपट्या जोडवायरीला चौकोनी. चपट्या वायरीवर गोल क्लिप मारली की ती एका कडेला दाबते, दुसऱ्या कडेला मोकळी सोडते. डिशची वायर सातच्या आसपास भरते, तिला सहाची मारायची नाही. लोक मारतात, कारण सहाची सगळ्यात जास्त खपते. त्या वायरीत मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरा फेसासारखा मऊ थर आणि त्यावरून जाळी. तार आणि जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडं सारखं राहिलं तरच चित्र नीट येतं. क्लिपेनं तो थर दबला की त्या ठिकाणी सिग्नल अडखळतो. म्हणजे निवेदिकेचे चौकोन. फायबरचं आणखी नाजूक. आत केसासारखी काच, तिच्यातून प्रकाश जातो. जोरात वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो, फार वाकवली तर काच तडकते. तिला ढगळ क्लिप चालेल, तंग चालणार नाही. मी मनातल्या मनात आभाळाला दिलेला दोष परत घेतला.

मग खिळा. अण्णांनी दोन पाकिटं उघडली. एक स्वस्त, एक महाग. स्वस्तातला खिळा त्यांनी नुसता पकडीत धरून वाकवला, लवंगेसारखा वाकला. महागातला पोलादी, काळपट निळसर, वाकेना. "बीमवर मारताय तर हा घ्या. वीट असेल तर कुठलाही चालतोय." प्लास्टिकही बघायचं म्हणे. क्लिपेचा कान नखानं मागं ओढून बघायचा. नुसता लवला तर चांगला, कडकन मोडला तर हलक्या प्लास्टिकचा. असल्या क्लिपा गच्चीवर एक उन्हाळा काढत नाहीत, आपल्या उन्हानं पिवळ्या पडून पापडासारख्या मोडतात. बाहेर मारायच्या असतील तर काळ्या घ्या, काळ्या ऊन जास्त सोसतात. मागं चिकटपट्टी असलेल्या क्लिपा दिसल्या, भिंतीला भोकं नकोत म्हणून मी त्या हातात घेतल्या. अण्णा हसले. "भिंतीला चुना आहे का?" आहे. "मग डिंक चुन्याला धरतो, चुना भिंतीला धरत नाही." उन्हाळ्यात तो डिंकही पातळ होतो म्हणाले. फरशीवर, काचेवर ठीक. मी दोन्ही पाकिटं घेतली, महाग आणि स्वस्त. स्वस्त का घेतलं ते माझं मलाही सांगता येणार नाही. ती सवय असते.

रविवारी सकाळी अप्पांना म्हटलं, "चला, तुम्ही सांगा, मी मारतो." ते काही बोलले नाहीत. उठले, जिन्याखालच्या मेनबोर्डापाशी गेले, फेजचा किटकॅट खेचून काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. आमच्या मेनवर अजून किटकॅट फ्यूज आहेत. एमसीबी आणि शॉकपासून वाचवणारा तो ब्रेकर बसवायचं तीन वर्षं ठरतंय. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण आहे. मी म्हटलं, "अप्पा, डिशच्या वायरीत कुठं करंट असतो? लाइट कशाला घालवायची?" म्हणाले, "वायरीत नसतो. भिंतीत असतो." आतला पाइप कुठून गेलाय ते बाहेरून दिसत नाही. बहुतेक वेळा तो बोर्डापासून सरळ वर जातो किंवा सरळ आडवा. म्हणून बोर्डाच्या नाकासमोर, ना वर ना खाली ना बाजूला, खिळा मारायचा नाही. आणि काम चालू असताना फ्यूज नुसता काढून मीटरवर ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा. कुणीतरी येतं, लाइट गेली वाटतं, आणि चांगल्या मनानं परत बसवतं. गिरणीत त्यांच्या ओळखीचा एकजण असाच गेला होता. ते नाव अप्पा घेत नाहीत.

अप्पांनी खुर्ची भिंतीपासून आठ फुटांवर मांडून घेतली. दोरा निळीत बुडवून दिला, एक टोक नातीच्या हातात, एक माझ्या. "ताण. अजून. हां, सोड." भिंतीवर निळी रेघ उमटली. पोरगी खूश, तिला अजून चार रेघा मारायच्या होत्या. मी मुठीनं मोजायला लागलो तर म्हणाले, ही हलकी वायर आहे, पट्टी नाही, दोन मुठी चालतील. खिळा वायरीच्या खालच्या अंगाला, म्हणजे वायर खिळ्यावर बसते. आधी अर्धा ठोकायचा, वायर घालायची, मग बाकीचा. शेवटचे दोन ठोके हलके. वायर क्लिपेत धरली गेली पाहिजे, पण ओढली तर सरकली पाहिजे. एका क्लिपेत दोन वायरी कोंबायच्या नाहीत. कोपऱ्यावर आलो तेव्हा मी न सांगता आत जाऊन मेथीदाणे ताटलीत ओतले आणि वाटी घेऊन आलो. अप्पांनी वाटीकडं बघितलं. "हिला धुवायची होती की," एवढंच.

चौकटीच्या वर बीम लागला आणि स्वस्त पाकिटातले खिळे एकामागून एक वाकायला लागले. पाच वाकले. सहावा मारताना हातोडी अंगठ्यावर आली. जुन्या अर्ध्या घराच्या दगडमातीच्या भिंतीत उलटा प्रकार, खिळा लोण्यात गेल्यासारखा आत आणि क्लिपेसकट बाहेर. तिथं नुसत्या क्लिपेचा जीव नाही. ड्रिल करून भोकात गट्टू, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी खुंटी, मग स्क्रू आणि सॅडल लावायला हवं होतं. गट्टू नव्हते. ते दोन फूट तसेच राहिले. कूलरची पायदळी येणारी वायरही मला त्याच हौसेत भिंतीला ठोकायची होती. अप्पांनी हात धरला. रोज हलणाऱ्या वस्तूची लवचीक वायर भिंतीला जखडायची नाही, ती आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. कूलरजवळ नवा पॉइंट घे, लायसनवाल्या वायरमनकडून. "तू नको करू," म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळानं, "मीपण नाही."

बारा वाजता काम आटोपलं. टीव्ही बघता येत नव्हता, लाइटच बंद होती. पण रेघ दिसत होती. एक क्लिप निळ्या रेघेच्या केसभर वर गेलीय. अप्पांनी पाहिलं, मीही पाहिलं, कुणी काही म्हणालं नाही. ते जमिनीवर शहाबादी फरशीवर बसले आणि वाकलेले पाच खिळे एकेक करून सरळ करायला लागले. टक, टक. जेवायला हाक मारली तेव्हा चार झाले होते.

जेवणं झाली, कडक भाकरी, शेंगाची चटणी, ताक. सगळे आपापल्या जागी पडलो. अर्ध्या तासानं मी घामानं भिजून उठलो. पंखा बंद, कूलर बंद. बायको म्हणाली, लाइट गेलीय. पोरगी म्हणाली, समोरच्यांची आहे की. जिन्याखाली गेलो. मेनबोर्डावर फेजच्या जागी रिकामं भोक.

अप्पा खाटेवर उताणे झोपले होते. तोंड जरासं उघडं, आणि शर्टाच्या खिशातला किटकॅट श्वासाबरोबर वर-खाली होत होता. मी हात पुढं केला, परत घेतला. पंख्याखालच्या खुर्चीत बसून राहिलो. बायकोनं वर्तमानपत्र दिलं, वारा घ्यायला.

सव्वाचारला त्यांना जाग आली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "पंखा का बंद केलास बे?"